४२ सोसणारा इंदूरकर ३२ ला का हरतो?

रामबागकर (इंदूर) : ६ मे, सकाळी ९:१०

मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरीपर्यंत आम्ही उभयता सिंगापुरात लेकीकडे होतो आणि गेल्या आठवड्यात इंदूरला परतलो. वय माझे ६८, सौभाग्यवतींचे ६४. निघण्यापूर्वी लेक फोनवर पुन्हा पुन्हा बजावत होती की इथला उकाडा वेगळा आहे, बेताने या. मी दर वेळी हसून तिला सांगत होतो की ज्याने सगळा जन्म इंदुरात काढला आणि भर मे महिन्यात राजवाड्यापासून रामबागेपर्यंत सायकल हाणली, त्याला ३२ अंशांचे भय दाखवू नये. तिथले आकडे मी आधीच पाहून ठेवले होते. दिवसा ३२-३३, रात्री २५. आमच्या हिशेबाने ही मार्चमधली सुखाची दुपार.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास जावई आम्हांला बोटॅनिक गार्डन्स पाहायला घेऊन गेले. बाग १८५९ साली उभी राहिलेली आहे आणि २०१५ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे; झाडे अशी की आकाश दिसू नये. मी सगळी इंदुरी तयारी केली होती. अंगात पूर्ण बाह्यांचा खादीचा सदरा, डोक्याकानांवरून गुंडाळलेले उपरणे, पोटात पेलाभर पन्हे आणि खिशात कांदा. अर्ध्या तासात सदरा पाठीला चिकटला. घाम कोपरावरून थेंब थेंब गळत होता, पण वाळायचे नाव नव्हते. मी सवयीने सावली शोधत होतो आणि सावली तर सगळीकडेच होती. इंदुरात कडुनिंबाखाली पाच मिनिटे टेकले की जिवात जीव येतो. इथे भल्यामोठ्या वृक्षाखाली बाकावर बसूनही छातीची धडधड थांबेना. साडेअकराला बसथांब्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, जावयांनी खांद्याला धरले आणि टॅक्सीत घालून घरी आणले. पुढे काही झाले नाही, परंतु दोन दिवस मी अंथरुणावर पडून होतो आणि लेकीच्या नजरेला नजर देत नव्हतो.

आमची दुसरी फजिती माठाची. फ्रिजचे पाणी घशाला बाधते म्हणून मी हट्टाने लिटल इंडियातून मातीचे मडके आणवले. आठ दिवस पाणी कोमटच राहिले आणि मडक्याच्या पोटावर काळपट बुरशीचे ठिपके उठले.

लेकीला ऑक्टोबरात बाळ होणार आहे, त्यामुळे पुन्हा जाणे होणारच आहे. परदेशातल्या अशा दमट मुलखात मुलांकडे राहून आलेल्या मंडळींनी काय केले, काय टाळले आणि मुख्य म्हणजे हे असे का होते, ते कृपया सविस्तर लिहावे.

खारीवाव (बडोदे) : ६ मे, दुपारी १२:३५

काका, तुमचा अनुभव वाचून मला आमचा भाद्रपद आठवला. बडोद्यात मेमधला उन्हाळा तुमच्यासारखाच कोरडा असतो आणि आम्ही तो दुपारी खिडक्या लावून, पडदे ओढून निभावतो. मात्र पावसाळ्यात पाऊस आठ-दहा दिवस दडी मारतो तेव्हा जी घुसमट होते, ती मेपेक्षा वाईट. गणपतीच्या आरतीला उभे राहिले की मखरासमोर माणसे गळून जातात. पारा जेमतेम ३३ असतो.

मी मुलाकडे क्वालालंपूरला दोनदा राहिले आहे आणि तिथे बाराही महिने हा भाद्रपदच असतो. पहिल्या खेपेला मी तिथेही दुपारी सगळ्या खिडक्या बंद करून, जाड पडदे ओढून बसले. संध्याकाळी सून कामावरून आली, दार उघडले आणि म्हणाली, "आई, घरात भाकरी भाजतेय की तुम्ही?" इंदूर-बडोद्यात खिडकी लावायची ती बाहेरची भट्टीसारखी झळ आत येऊ नये म्हणून. तिथे बाहेर झळ नसतेच, कोंडलेली हवा हाच शत्रू असतो. दुसऱ्या खेपेला समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवून, पंखा मधल्या वाटेवर लावून बसायला लागले आणि पुष्कळ सुसह्य झाले. उन्हाच्या बाजूचा पडदा तेवढा ओढावा.

लष्करचे_गुरुजी (ग्वाल्हेर) : ६ मे, रात्री ८:०५

ग्वाल्हेरला महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे, म्हणून "का" या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. आज इथे ४४ अंश आहे, बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्यातला तप्त कोरडा वारा, चालू आहे आणि मी कूलरपुढे बसून हे लिहितो आहे. हाच कूलर सिंगापुरात का निरुपयोगी ठरतो, हे कळले की सगळे कळते.

घाम येण्याने शरीर गार होत नाही, घाम वाळण्याने होते. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम कोपरावरून टपकला, तर पाणी आणि मीठ तेवढे जाते, गारवा जवळजवळ शून्य. रामबागकरांनी पाहिलेले ते थेंब हे असे फुकट गेलेले श्रम होते.

आता हवेची तहान मोजण्याचे साधे साधन सांगतो. दोन तापमापके घ्यावीत, एकाच्या गोळ्याला ओले मलमल गुंडाळावे आणि पंख्याच्या वाऱ्यात दोन्ही शेजारी टांगावीत. मलमलीतले पाणी वाळते तसा त्या तापमापकाचा पारा उतरतो. इंदुरातल्या मेमधल्या दुपारी, ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या तापमापकावर साधारण २२ दिसतील. सिंगापुरात ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्यावर २७ ते २८ दिसतील. म्हणजे कोरडा पारा पाहिला तर इंदूर १० अंशांनी पुढे आहे, ओला पाहिला तर सिंगापूर पाच-सहा अंशांनी पुढे आहे. ज्याचे अंग घामाने ओले आहे, त्याला ओल्या पाऱ्याचाच कायदा लागू होतो.

माठ, कूलर, वाळ्याचा पडदा, दारावर टांगलेली ओली चादर ही आपल्याकडची सगळी आयुधे एकाच तत्त्वावर चालतात आणि त्यांतले कोणतेही हवेला ओल्या पाऱ्याच्या खाली नेऊ शकत नाही. इंदुरात माठ पाण्याला विशीच्या घरात आणतो. सिंगापुरात त्याने जीव तोडून काम केले तरी तो २८ वर अडकणार. कूलरची गोष्ट त्याहून वाईट, कारण तो बंद खोलीत आणखी बाष्प भरतो आणि घाम वाळण्याची उरलीसुरली सोयही घालवतो.

रात्रीचेही असेच आहे. मेमध्ये इंदूरची पहाट २५ अंशांची असते आणि सिंगापूरचीही साधारण तेवढीच. मात्र माळव्यात दिवसाचा ४१ अंशांचा पारा पहाटेपर्यंत १६ अंशांनी उतरतो, कारण कोरड्या हवेतून जमिनीची उष्णता सरळ आकाशात निघून जाते. शब-ए-मालवाची, म्हणजे माळव्यातल्या रात्रीची, जी ख्याती आहे, तिच्यामागे ही कोरडी हवा आहे. बाष्पाने भरलेली हवा आणि ढग ती उष्णता अडवून धरतात, शिवाय भोवती समुद्र आहे, त्यामुळे विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर असलेल्या त्या बेटावर दिवसरात्रीत सात-आठ अंशांचाच फरक पडतो. शरीराला दिवसाचा शीण काढायला रात्र मिळतच नाही.

उपरण्याविषयी एक शब्द. त्वचेचे तापमान साधारण ३५ असते. ४४ अंशांची लू त्वचेपेक्षा गरम असते, म्हणून तिच्यापासून अंग झाकणे शहाणपणाचे. ३२ अंशांची हवा त्वचेपेक्षा गार असते, म्हणून ती अंगाला लागू देणे शहाणपणाचे. याच कारणाने तिथे पंखा खरा मित्र आहे, आणि आमच्याकडे ४० च्या वर नुसता पंखा अंगावर गरम हवा फेकत राहतो.

शेवबहाद्दर (इंदूर) : ६ मे, रात्री ९:२०

गुरुजींच्या दोन तापमापकांचे काम आमच्या घरी शेव करते. भाच्याकडे सिंगापूरला दोन किलो लवंगी शेव नेली होती. पुडा फोडला तेव्हा कुरकुरीत होती. गप्पा संपेस्तोवर ताटलीतली सादळून चामट झाली. तेव्हाच मी म्हणालो, भिया, इथे आपलेही काही खरे नाही.

सेंगकांगची_लेक (मूळ इंदूर) : ७ मे, सकाळी ७:५०

मी लग्नानंतर सिंगापूरला आले त्याला अकरा वर्षे झाली आणि या अवधीत माझे आईवडील चार वेळा व सासूसासरे तीन वेळा इथे राहून गेले. त्यामुळे ही बाजू मी यजमानाच्या नात्याने लिहिते आहे.

रामबागकर काका, तुम्ही दहा वाजता बागेत का गेलात, याचे उत्तर घड्याळात असावे. इथले घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे आहे. आपल्याकडे पहाटे पाचला उठणारा माणूस पहिल्या आठवड्यात इथे साडेसातला जागा होतो, आणि सूर्य सातच्या सुमारास उगवलेला असतो. मग चहा, पूजा, नाश्ता होऊन तो सकाळच्या फिरण्याला म्हणून साडेनऊ-दहाला निघतो. माझ्या बाबांचे पहिल्या वेळी नेमके हेच झाले. आता मी त्यांना पहिले तीन दिवस गजर लावून साडेसहाला उठवते. ते कुरकुरतात, पण सात ते साडेआठ ही वेळ त्यांच्या हाती लागते. हवा त्या वेळी सर्वांत दमट असते खरी, आर्द्रता ९० टक्क्यांच्याही वर असते, तरी डोक्यावर ऊन नसते. संध्याकाळी साडेसहानंतर पुन्हा बाहेर पडावे. बाराही महिने सूर्यास्त सातच्या आसपासच होतो, त्यामुळे दिनक्रम एकदा बसला की बसला. दुपारी वादळी पाऊस कोसळून गेला की पारा झटकन उतरतो आणि तो तास-दीड तास अक्षरशः सोन्याचा असतो. विजा कडकडत असताना मात्र मोकळ्यावर थांबू नये, इथे त्यांचे प्रमाण फार आहे.

दुपारी बाहेर पडणे भागच असेल तर छताखालचे रस्ते शोधावेत. सरकारी वसाहतींत एका इमारतीपासून बसथांब्यापर्यंत, मेट्रोच्या स्थानकापर्यंत छप्पर घातलेल्या पायवाटा आहेत आणि प्रत्येक इमारतीचा तळमजला खांबांवर मोकळा सोडलेला असतो. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. वारा खेळतो, बाके असतात, शेजारचे आजोबा बुद्धिबळ मांडून बसलेले असतात. माझे सासरे भाषा येत नसताना तिथे दोन मित्र करून बसले. घरात एकट्याने एसीपुढे बसून कंटाळण्यापेक्षा मला ते बरे वाटते.

इथल्या हवामान खात्याने २०२३ पासून उष्म्याचा ताण सांगणारी सूचना सुरू केली आहे. तिच्यात साध्या पाऱ्यापेक्षा गुरुजींच्या ओल्या पाऱ्याला सर्वांत जास्त, म्हणजे ७० टक्के वजन असते. त्या मापाने ३३ किंवा अधिक आकडा आला की ताण तीव्र समजला जातो. आईबाबांच्या फोनवर मी साध्या तापमानाऐवजी हीच सूचना लावून देते, कारण ३२ अंश वाचून त्यांना धीर येतो आणि तो धीरच घात करतो.

कपड्यांचे म्हणाल तर जाड खादी आणि जाड सुती दोन्ही घरी ठेवावीत. ती घाम पितात आणि ओलीच राहतात. पातळ मलमल, अर्ध्या बाह्या, सैल पायजमा, आणि दिवसातून दोनदा अंघोळ. अंघोळीनंतर बगला, जांघा, बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करायच्या. आईचा पंचा पहिल्या दिवशी सकाळी वाळत टाकलेला संध्याकाळीही दमटच होता, तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला तीन पंचे देतो. रेशमी साड्या आणि चामड्याचे पट्टे कपाटात बुरसटतात, म्हणून ओलावा शोषणारे डबे ठेवते.

जिवाजीगंज (ग्वाल्हेर) : ७ मे, दुपारी ४:१५

सर्वांचा आदर राखून थोडा विरोधी सूर लावतो. मुलाकडे गेलो की चोवीस तास एसी, मॉलमध्ये एसी, बसमध्ये एसी. बाहेर आले की चष्म्यावर वाफ धरते आणि दोन मिनिटे समोरचे दिसत नाही. दोन आठवड्यांत माझे सांधे धरले, नाक चोंदले आणि शरीराला हवेची सवय काही झाली नाही. माझ्या मते एसी बंद ठेवून अंग हळूहळू मुरू द्यावे. आपले पूर्वज काय एसीत वाढले? तिथे राहणाऱ्या मलय लोकांच्या जुन्या पिढ्यांनी काय केले असेल?

सेंगकांगची_लेक (मूळ इंदूर) : ७ मे, सायंकाळी ६:४०

काका, जुन्या मलय घरांना खाली खांब, वर उंच छप्पर आणि चहूबाजूंनी झरोके असत, म्हणजे सगळे घरच वाऱ्यासाठी बांधलेले. आम्ही राहतो ते अकराव्या मजल्यावरच्या काँक्रीटच्या खोक्यात. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी वातानुकूलन हे सिंगापूरच्या उभारणीचे एक मोठे कारण मानले होते, आणि सरकारी कचेऱ्यांत त्यांनी ते आधी बसवून घेतले, ते उगाच नव्हे. मात्र मॉलमधल्या गारठ्याबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. पिशवीत एक पातळ शाल असावीच.

खरी अडचण निराळी असते. आमच्या आईवडिलांना विजेच्या बिलाची लाज वाटते. मी कामावर गेले की बाबा एसी बंद करत आणि माझ्या येण्याच्या पाच मिनिटे आधी पुन्हा लावत. हे मला भिंतीच्या ओलसर उबेवरून कळले. शेवटी मी बिल दाखवले, हिशेब सांगितला आणि रिमोटवर २५ वर चिकटपट्टी लावली. पंखा सोबत चालू ठेवला की २५ पुरते. एसी हवा गार करतो तसाच कोरडीही करतो, आणि इथे त्या कोरडेपणाचीच जास्त गरज असते.

वैद्यकी_इंदूर : ७ मे, रात्री १०:३०

मी इंदुरात तीस वर्षे व्यवसाय करणारा डॉक्टर आहे. नाडी न पाहता कोणाला औषध सांगत नाही, परंतु परदेशी जाण्याआधी माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांना मी जे सांगतो ते इथे लिहितो.

जिवाजीगंज यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. शरीर उष्णतेला खरोखर मुरते. त्याला एक ते दोन आठवडे लागतात, त्या काळात रक्तातील द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि घामातले मीठ कमी होते. त्यासाठी दिवसभर उकडत बसण्याची गरज नाही. रोज तास-दीड तास उकाड्यात हलके चालणे पुरते. रात्र मात्र गार खोलीत काढावी, कारण झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी सहनशक्ती घटते. साठीनंतर ही प्रक्रिया मंद होते. पहिले चार-पाच दिवस सर्वांत धोक्याचे असतात आणि पाहुण्यांचे सगळे फिरणे मुलांनी नेमके त्याच दिवसांत, रजा शिल्लक असताना, आखलेले असते. रामबागकर, तुमचा तिसरा दिवस त्यातलाच. परत आल्यावर ही सवय काही आठवड्यांत उतरते, त्यामुळे पुढच्या खेपेला पुन्हा श्रीगणेशा.

पाण्याबद्दल दोन टोके पाहतो. काही जण तहान लागत नाही म्हणून पीत नाहीत; वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून लघवीचा रंग पाहावा, गडद झाला तर पाणी कमी पडते आहे. दुसरे टोक म्हणजे भीतीपोटी तासातासाला पेला रिचवणारे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धाने घाम गाळत नुसते पाणी ढोसले, तर रक्तातील सोडियम उतरते आणि माणूस गोंधळल्यासारखा, असंबद्ध बोलू लागतो. माझ्या एका रुग्णाबाबत हे परदेशात घडले आणि घरच्यांना आधी वाटले की प्रवासाने थकले आहेत. अशा गोळ्या, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी पाणी, मीठ आणि गोळ्यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. इतरांनी फार घाम गेलेल्या दिवशी ओआरएस घ्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पन्हे उत्तम आहे, पण मधुमेह्यांनी त्यातला गूळ विसरू नये.

मधुमेह्यांसाठी आणखी एक. आपल्याकडे फ्रिज नसेल तर इन्सुलिन ओल्या मातीच्या भांड्यात ठेवण्याची जुनी युक्ती आहे आणि कोरड्या हवेत ती चालते. गुरुजींनी सांगितलेल्या कारणाने दमट प्रदेशात तिच्यावर भिस्त ठेवू नये. वापरातले बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या वर ठेवायचे नसते आणि तिथे बंद खोली दुपारी ३० च्या वर जाते.

घामोळ्यांवर तेल, तूप, जाड मलम चोपडू नये, छिद्रे आणखी बुजतात. गार पाणी, कोरडे अंग आणि पंखा हेच औषध. जांघेतल्या नायट्यावर दुकानातून आणलेले स्टिरॉइड मिसळलेले मलम लावू नये, तो आधी दबतो आणि मग पसरतो.

शेवटी धोक्याची खूण. चक्कर, मळमळ, पायांत गोळे आले तर गार जागी आडवे करावे, कपडे सैल करावेत, पाणी पाजावे. माणूस बरळू लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी. आधी अंगावर पाणी ओतून पंख्याखाली न्यावे, मानेवर, बगलांत, जांघांत बर्फ ठेवावा, बेशुद्धाला पाणी पाजू नये आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. सिंगापुरात तिचा क्रमांक ९९५ आहे. तो आजीआजोबांच्या फोनमध्येच नव्हे, फ्रिजच्या दारावर कागदावर लिहिलेला असावा.

खारीवाव (बडोदे) : ८ मे, सकाळी १०:०५

गारव्यासाठी म्हणून घरून काय न्यावे यावर एक सावधगिरी. आमच्या नात्यातल्या एका वहिनींनी उन्हाळ्यासाठी घरी कुटलेला थंडाईचा मसाला सिंगापूरच्या सामानात भरला होता. निघण्याच्या आदल्या रात्री सुनेने विचारले तेव्हा कळले की त्यात खसखस आहे, आणि खसखस तिथे निषिद्ध मालांत मोडते, कारण अफूच्या झाडाचे बी. मसाला आमच्याकडे राहिला आणि आम्ही तो होळीपर्यंत पुरवला. वाळ्याचे म्हणजे खसचे सरबत वेगळे, त्याचा खसखशीशी संबंध नाही. पण नावाच्या साधर्म्याने तपासणीत गोंधळ नको म्हणून तेही मी नेत नाही. कोकम, सातूचे पीठ आणि कैरीचा गर यांवर भागते.

सेंगकांगची_लेक (मूळ इंदूर) : ८ मे, दुपारी ३:३०

गुरुजी, तुमचा प्रयोग आज मुलाकडून करून घेतला. दुपारी दोन वाजता स्वयंपाकघराच्या खिडकीशी, पंख्याच्या वाऱ्यात, कोरडा पारा ३१ आणि मलमल गुंडाळलेला २७. मुलाने विचारले की आजोबांच्या इंदुरात किती येईल.

रामबागकर (इंदूर) : ८ मे, रात्री ८:५०

बाळाला सांगा, आजोबांच्या गल्लीत आज दुपारी तीन वाजता कोरडा ४१ आणि ओला २२. शेजाऱ्यांच्या गच्चीवर मी आणि शेवबहाद्दर मलमल धरून उभे होतो आणि खालून जाणारे लोक वर पाहत होते.

सर्वांचे लेखन सौभाग्यवतींना वाचून दाखवले. डॉक्टरांनी लघवीच्या गोळीबद्दल लिहिले आहे ती गोळी त्या गेली सहा वर्षे घेतात आणि मार्चमध्ये निघताना आम्ही कोणालाच काही विचारले नव्हते, हे लक्षात आल्यावर घरात थोडा वेळ शांतता होती. सोमवारी आमच्या डॉक्टरांकडे जाणार आहोत.

लेकीशीही बोललो. बाळंतपणासाठी सप्टेंबरच्या अखेरीस सौभाग्यवती आधी जातील आणि मी डिसेंबरात. डिसेंबर-जानेवारीत तिथे पाऊस पुष्कळ, पण कमाल पारा दोन अंश खाली असतो, असे ती म्हणाली. पहिले पाच दिवस कोणतेही पर्यटन ठेवायचे नाही, मी व्हॉइड डेकवर बसेन, हे जावयांनी लिहून घेतले आहे. विजेच्या बिलाचा विषय तिने स्वतःहून काढला. मीही एसी दुपारी बंद करत होतो, हे तिला ठाऊक होते म्हणे. मडके तिने टाकलेले नाही, त्यात मनीप्लांट लावला आहे.

खादीचे सदरे इथेच राहतील. उपरणे मात्र नेणार आहे, मॉलमध्ये अंगावर घ्यायला.

शेवबहाद्दर (इंदूर) : ८ मे, रात्री ९:१५

आणि शेव पावपाव किलोच्या हवाबंद पुड्यांत न्या. एका बैठकीला एकच पुडा फोडायचा.